एकाच नावाचे दोन वसाहतकरी, केंटकी, १७९० चं दशक : आईवडील शोधायचे कसे?

प्रश्न
१७९५ च्या आसपास अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या बर्बन काउंटीत (जिल्ह्यात) दिसणाऱ्या एका शेतकऱ्याचा वंश मागे न्यायचा आहे. १८५० च्या जनगणनेत त्याच्या मुलांची नावं आणि जन्मस्थळं मिळाली, त्यामुळे त्याच्यापासून खालच्या पिढ्यांची साखळी पक्की आहे. पण काउंटीत त्याच नावाचे दोघं आहेत, एक सीनियर, एक ज्युनियर. ऑनलाइन वंशवृक्षांत त्यांना बापलेक ठरवलंय, पुरावा एकही नाही. १७९० आणि १८०० च्या जनगणना कुठे मिळतील?

प्रतिसाद १
मिळणार नाहीत, केंटकीच्या त्या दोन्ही जनगणना नष्ट झाल्या आहेत. टिकलेली पहिली १८१० ची, आणि १८४० पर्यंत तिथे फक्त कुटुंबप्रमुखाचंच नाव असतं. त्यामुळे करयाद्या धरा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्या फुकट पाहता येतात. एकच वर्ष पाहून भागत नाही, १७९२ पासून सलग वीस वर्षं उतरवून काढा. २१ वर्षांवरील गोरे पुरुष, १६ ते २१ मधले मुलगे, घोडे, गुलाम, जमिनीचे एकर आणि ओढ्याचं नाव, अशा रकान्यांत दोन्ही नावं वर्षानुवर्षं वेगळी ठेवा. एकाची जमीन एका ओढ्यावर आणि दुसऱ्याची भलत्याच ओढ्यावर दिसली की माणसं आपोआप सुटी होतात. १६ ते २१ च्या रकान्यातला मुलगा गळाला आणि त्याच वर्षी शेजारी नवं नाव आलं, तर तो त्या घरचा असण्याची शक्यता मोठी.

सीनियर-ज्युनियरवर मात्र विसंबू नका. त्या काळी त्याचा अर्थ फक्त थोरला-धाकटा. चुलता-पुतण्या असतील, कसलंच नातं नसेल. थोरला वारला किंवा गाव सोडून गेला की कालचा ज्युनियर सीनियर होतो, आणि बहुतेक वंशवृक्ष नेमके तिथेच फसतात.

प्रतिसाद २
जमिनीचे कागद याहून बोलके आहेत. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होती, आणि व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १७७८ पूर्वी वसलेल्याला ४०० एकर आणि लगतच्या १००० एकरांवर अग्रहक्क (इतरांआधी विकत घेण्याचा हक्क) मिळे. वॉरंट (जमीन मोजून घेण्याचा परवाना), एंट्री (जागेवर दावा नोंदवणं), सर्व्हे (मोजणी) आणि ग्रँट (अंतिम मालकीपत्र) असे चार टप्पे, आणि ग्रँट होईपर्यंत हक्क दुसऱ्याच्या नावे करता येई. फक्त ग्रँट पाहिली तर मूळ माणूस हातातून निसटतो. केंटकीच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या जमीन कार्यालयाच्या संकेतस्थळावर कागदांच्या प्रतिमा आहेत.

सर्व्हेच्या तळाशी मोजणीची साखळी धरणाऱ्यांची नावं असतात. ती जरूर टिपा. बहुतेक वेळा ते भाऊ, मेव्हणे किंवा शेजारीच निघतात. चतुःसीमा झाडं आणि ओढे धरून लिहिलेली असते, माप पोलमध्ये : १ पोल म्हणजे साडेसोळा फूट, १६० चौरस पोल म्हणजे १ एकर. कोनमापक घेऊन कागदावर काढा आणि शेजारच्या सर्व्हेंना जोडून पाहा. केंटकीत एकाच जमिनीवर दोघा-तिघांचे हक्क पडत. केंटकीत वसाहतीची वाट दाखवणाऱ्या खुद्द डॅनियल बूनच्या जमिनी अशाच गेल्या. त्यातून दावे झाले, आणि दाव्यांतल्या साक्षींत साक्षीदाराचं वय, कधी आला, कुणासोबत आला हे सापडतं. नातं उलगडायला याच्याइतका चांगला कागद नाही.

प्रश्नकर्ता
१७९७ चा लग्नाचा बाँड (लग्नाआधी वर आणि जामीनदार लिहून देत ते हमीपत्र) मिळालाय, जामीनदाराचं आडनाव वधूचंच आहे. आणि घरचे म्हणतात, वडील ‘व्हर्जिनियाचे’.

प्रतिसाद ३
बाँडची तारीख लग्नाची नव्हे, लग्न काही दिवसांनी लागे. जामीनदार वडील असेल, भाऊही असेल. २१ च्या आतल्या वधूसाठी संमतीची चिठ्ठी लागे. ती मूळ फायलीत शोधा, छापील यादीत वगळलेली असते.

‘व्हर्जिनियाचे’ या शब्दाला फसू नका. १७९२ पर्यंत केंटकी व्हर्जिनियातच होती. १७८६ मध्ये लेक्झिंग्टनजवळ जन्मलेलाही व्हर्जिनियाचाच. काउंट्यांचाही माग ठेवा : बर्बन काउंटी फेएट काउंटीतून निघाली, आणि फेएटचे जुने कागद १८०३ च्या आगीत बरेच जळाले. तिथे अडलात तर व्हर्जिनियाच्या १७८२ पासूनच्या मालमत्ता कराच्या याद्यांवर या. ज्या काउंटीत हे नाव केंटकीत उगवण्याच्या आदल्या वर्षापर्यंत आहे आणि पुढे नाही, तिथली मृत्युपत्रं आधी वाचा. एखाद्या मृत्युपत्रात मुलगा नाही म्हणून घाईने वगळू नका, त्याला हयातीतच जमीन दिलेली असू शकते. त्यासाठी खरेदीखतं चाळा. नाममात्र किमतीचं आणि ‘प्रेमापोटी’ लिहिलेलं खत बहुधा बापानं मुलाला केलेलं असतं.

तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला असेल तर १८३२ च्या कायद्याखालचा पेन्शन अर्ज पाहा. त्यात जन्मगाव, जन्मवर्ष आणि पुढची वस्तीची ठिकाणं विचारलेली असतात. विधवेच्या फायलीत कधीकधी कौटुंबिक बायबलची फाडून जोडलेली पानं सापडतात. वाय-डीएनए चाचणी (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची) शेवटी, आणि दोन्ही घराण्यांचा अखंड पुरुषवंशज मिळाला तरच. त्या दोघांचं बापाच्या बाजूने रक्ताचं नातं आहे की नाही, एवढंच ती चाचणी सांगेल. बाप की चुलता, ते कागदांतूनच ठरेल.