एचटीएमएल५ डिफॉल्ट करायचं का? मालकाला १२०० डझनच पाहिजेत!

मागवाला (धागाकर्ता)

सोलापुरात सात रस्त्याजवळ आमचं पाच जणांचं ऑफिस. २००९ साली पीएचपी भाषेत घरचंच एक फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, उभं केलं, त्यावर आजही टॉवेल-चादरवाल्यांची ऑर्डरबुकं आणि बिलं चालतात. त्यातला फॉर्म हेल्पर (फॉर्मचे खाने बनवून देणारा भाग) एक्सएचटीएमएल १.० च्या, म्हणजे एचटीएमएलच्या जुन्या कडक रूपाच्या, जमान्यातला. प्रत्येक इनपुटचा, म्हणजे भरायच्या खान्याचा, टाइप टेक्स्ट आणि टॅगच्या शेवटी तिरकी रेघ. माझं म्हणणं, पुढच्या आवृत्तीत एचटीएमएल५ चे (वेबपानाच्या भाषेची पाचवी आवृत्ती) टाइप डिफॉल्ट, म्हणजे न मागता लागणारे, करून टाकावेत. फोनला टेल, ईमेलला ईमेल, संख्येला नंबर, तारखेला डेट.

व्यापारी आता दुकानात उभ्या-उभ्या मोबाइलवरून ऑर्डर टाकतो. दहा आकडी नंबर लिहायचा, तर त्याच्यापुढे एबीसीडीचा कीबोर्ड येतो. टाइप टेल केला की मोठ्या आकड्यांचा डायलपॅड. जुन्या ब्राउझरची भीती कुणी घालू नका, नवा टाइप ज्याला कळत नाही तो त्याला टेक्स्टच समजतो. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल५ वर शिक्का मारला. जँगो या पायथनवाल्यांच्या फ्रेमवर्कने तर त्याच्याही आधी, २०१३ च्या १.६ मध्ये, ईमेल, यूआरएल आणि नंबर डिफॉल्ट केले. आपण कुणाच्या मुहूर्तासाठी थांबलोय?

बिलवाली_ताई

दादा, सपोर्टचे फोन मी घेते, म्हणून ऑफिसातलं इथं बोलते. माझा विरोध आहे.

मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर तुम्ही गुपचूप नंबर टाइप लावून बघितला होता. आठवतंय? अक्कलकोट रोडचा टॉवेल कारखाना. कारकुनाने १२०० डझन टाकले आणि खालचं बघायला माऊसचं चाक फिरवलं. कर्सर अजून त्याच खान्यात. पान जागचं हललं नाही, आकडा हलला. ११९७ डझनांचं चलन निघालं आणि मालकांचा फोन आला तो मला. तीन डझन म्हणजे ३६ नग. ते हुडकायला दोन माणसं अर्धा दिवस गोदामात होती, आणि ३६ टॉवेल आपल्या जागी व्यवस्थित होते.

दुसरं. सक्तीचा खाना रिकामा राहिला की ब्राउझर स्वतःच सूचनेचा फुगा काढतो, तोही ब्राउझरच्या भाषेत. पान मराठी, लेबलं मराठी, आणि फुगा म्हणतो 'प्लीज फिल आउट धिस फील्ड'. आपला सर्व्हर 'डझन लिहायचे राहिले' असं नीट सांगायचा. त्याच्यापर्यंत आता फॉर्म पोचतच नाही.

पार्कचौक

काय बे, नंबरचा एक घोटाळा झाला म्हणून सगळं एचटीएमएल५ बाद? मागावर एक धागा तुटला तर ताणा जाळून टाकता काय?

आणि मागवाला, तुझी ती तिरकी रेघ. एचटीएमएल५ मध्ये इनपुटच्या शेवटी ती ठेवली तरी चालते, काढली तरी चालते, ब्राउझर तिच्याकडे बघतसुद्धा नाही. तेव्हा सगळे एक्सएचटीएमएल लिहायचे आणि टेक्स्ट/एचटीएमएल, म्हणजे साधं एचटीएमएल, म्हणूनच पाठवायचे. इंटरनेट एक्सप्लोररला खरं एक्सएचटीएमएल नवव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, उघडताच येत नव्हतं. म्हणजे आपण सगळे इतकी वर्षं बिनकामाच्या रेघा मारलालाव. रेघ काढून टाका, विषय संपवा.

निवृत्त_काका

पार्कचौक, रेघ ब्राउझरला नको असेल, पण वाचणारा ब्राउझर एकटाच आहे असं कुणी सांगितलं? याच फ्रेमवर्कवरचं एक काम माझ्याकडे होतं. रात्री एक स्क्रिप्ट बिलांची पानं एक्सएमएल (कडक व्याकरणाची भाषा) म्हणून वाचते, एक्सएसएलटीने, म्हणजे एक्सएमएलमधून हवं ते वेचणाऱ्या भाषेने, रकमा काढते आणि हिशेबाच्या पॅकेजला देते. रेघ गेली किंवा 'चेक्ड'सारखा बिनकिमतीचा, म्हणजे नुसत्या नावाचा, गुणधर्म आला की एक्सएमएल वाचणारा पार्सर तिथल्या तिथे मान टाकतो. जँगोने रेघ काढून टाकली ती २०१८ मध्ये, २.१ ला, आणि एक्सएचटीएमएलशी हे जुळणार नाही असं आवृत्तीच्या टिपणात लिहून टाकली. दिसतं साधं, पण सांगून केलेलं बरं.

डॉकटाइपचंही तेच, म्हणजे पान कुठल्या नियमांनी दाखवायचं हे ब्राउझरला सांगणारी पहिली ओळ. आपल्या जुन्या पानांवर 'ट्रान्झिशनल' नावाचा जुना डॉकटाइप आहे. त्याच्यावर ब्राउझर 'जवळजवळ स्टँडर्ड' मोडमध्ये चालतो. नवा छोटा डॉकटाइप लावला की पूर्ण स्टँडर्ड मोड, आणि टेबलच्या खान्यात कापून बसवलेल्या चित्रांखाली पांढरी फट दिसायला लागते. बिलाच्या मथळ्यावर लोगोचे चार तुकडे आहेत, जोडून ठेवलेले. चित्रांना डिस्प्ले ब्लॉक दिलं की फट जाते, पण आधी ते कुणाच्या तरी लक्षात यायला पाहिजे.

मागवाला

काका, ती स्क्रिप्ट अजून चालू आहे हे मला आज कळलं. रेघ राहू दे मग, तिचा हट्ट सोडला. बिनकिमतीचे गुणधर्मही नकोत, 'चेक्ड="चेक्ड"' असंच लिहू, एचटीएमएल५ ला ते चालतं.

ताई, नंबरबद्दल तुमचं खरं आहे. ब्रिटिशांच्या सरकारी डिझाइन सिस्टिमनेही २०२० मध्ये नंबर टाइप सोडून टेक्स्ट आणि सोबत इनपुटमोड (कुठला कीबोर्ड दाखवायचा ते सांगणारा गुणधर्म) न्युमेरिक असं केलं. मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड येतो आणि चाकाने काही हलत नाही. पण इनपुटमोड हासुद्धा नव्या स्टँडर्डचाच आहे की! म्हणजे उपाय माझ्याच पिशवीतून निघाला. फुग्याचं म्हणाल तर फॉर्मला नोव्हॅलिडेट लावलं की ब्राउझर गप्प बसतो आणि आपला मराठी निरोप परत येतो.

बिलवाली_ताई

पिशवी तुमची असेल, पण डिफॉल्ट म्हणजे पिशवीच गिऱ्हाइकाच्या डोक्यावर उपडी करणं. तारखेचं काय? डेट टाइपचा खाना बहुतेक करून ब्राउझरच्या सेटिंगप्रमाणे दिसतो. आपल्या निम्म्या गिऱ्हाइकांचे ब्राउझर अमेरिकन इंग्लिशवर आहेत. महिना आधी, दिवस नंतर. ३ एप्रिलची डिलिव्हरी तिथे ०३/०४ टाइप केली की ती ४ मार्च होते. तुमच्या लाडक्या जँगोनेही तारखेला हात लावलेला नाही, तिथे तो खाना डिफॉल्टला टेक्स्टच आहे. ते का, याचा विचार करा.

पूर्वभाग_हातमाग

मी बाजू घेत नाही, फक्त पॅटर्न गुणधर्म (खान्यात काय लिहिलेलं चालेल याचा नियम) कुणी डिफॉल्ट करू नका एवढंच हात जोडून सांगतो. गावाच्या नावाला आमच्या पोराने 'फक्त अक्षरं' असा नियम लावला, युनिकोडवाला, पी-कंसात-एल. सोलापूर लिहिलं तर फॉर्म म्हणतो चूक! दिवसभर डोकं फोडून घेतलं. शेवटी कळलं की युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, उकार ही अक्षरं नाहीत, खुणा आहेत, त्यांचा वर्ग वेगळा, एम. सोलापूरमधले स, ल, प, र पास आणि ो, ा, ू नापास. गंमत म्हणजे 'नगर' एकदम पास, म्हणून चाचणीत सापडलंच नाही.

ईमेल टाइपही तसाच. .भारत डोमेन २०१४ पासून आहे, पण @ च्या आधी देवनागरी टाकलं की ब्राउझर पत्ता नाकारतो. आमच्यात असा पत्ता कुणाचा नाही, तरी सांगून ठेवलं.

पार्कचौक

हे नगरचं भारी आहे. म्हणजे काना-मात्रा नसलेल्या गावांचाच धंदा करायचा?

मागवाला

बरं. टेल, ईमेल आणि इनपुटमोड डिफॉल्ट. नंबर, डेट, पॅटर्न ज्याला पाहिजे त्याने स्वतः मागून घ्यायचे. नोव्हॅलिडेट कायम लावलेलं. डॉकटाइप फक्त नव्या पानांना, जुनी बिलं आहेत तशी. ईमेलवर माझं आणि हातमागचं अजून पटलेलं नाही, पण मोबाइलवर @ समोर येणं मला सोडवत नाही. ताई, तुमचा होकार?

बिलवाली_ताई

अर्धा. मंगळवारी अक्कलकोट रोडला जाते. त्याच कारकुनाच्या टेबलावर नवा फॉर्म उघडून देते, १२०० टाकायला लावते आणि चाक फिरव म्हणते. बाकीचा अर्धा तिथून फोनवर कळवते.