स्वसंरक्षणाचा बचाव आणि लाय डिटेक्टरचा निकाल

राजवाडाकर, इंदूर:
आमच्या परिचयातील एका गृहस्थांवर येथील सत्र न्यायालयात खुनाचा खटला चालू आहे. हल्लेखोराने सुरा उगारल्यामुळेच आपण प्रतिकार केला, असे ते सांगतात. स्वेच्छेने लाय डिटेक्टर चाचणी देऊन ते खरे ठरले, तर न्यायालय त्यांच्यावर विश्वास ठेवील काय?

वकीलकाका:
केवळ त्या निकालावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल्वी प्रकरणात स्पष्ट केले आहे, की संमतीविना अशी चाचणी घेता येत नाही आणि संमतीने घेतली तरी तिचा निष्कर्ष स्वतः पुरावा ठरत नाही; मात्र स्वेच्छेच्या चाचणीतील माहितीवरून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती ग्राह्य धरता येते. स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला, तरी त्याचे म्हणणे संभवनीय दिसले की पुरते. त्यामुळे यंत्रापेक्षा त्यांच्या अंगावरील जखमांची वैद्यकीय नोंद कितीतरी मोलाची. त्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाला देता आला नाही, तर त्याची बाजू लंगडी पडते.

मालतीताई, ग्वाल्हेर:
काकांशी सहमत आहे. यंत्र श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेची विद्युतवाहकता मोजते, खोटेपणा नव्हे. ज्याच्या हातून माणूस मेला, तो खरे बोलतानाही घाबरणारच!

राजवाडाकर:
आभारी आहे. जखमांचा अहवाल रुग्णालयातून मागवून त्यांच्या वकिलांकडे देतो.