मदत हवी आहे: किडनीचा त्रास असलेल्या मांजरीला भूल देण्याआधी क्लिनिकला काय विचारावं?

मांजर 11 वर्षांची, नसबंदी झालेली, वजन 3.8 किलो. हिरड्या लालबुंद, तोंडाला वास, कोरडं खाणं एकाच बाजूने चावते. डॉक्टरांनी भूल देऊन स्केलिंग (दातांवरचा कडक थर काढणं) आणि लागलं तर दात काढायला सांगितलंय. अडचण अशी की रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारं मोजमाप) 2.1 mg/dL आहे, म्हणजे किडनीचा आजार स्टेज 2. रक्त-लघवी तपासणी झाली आहे, हृदयाची सोनोग्राफी नाही.

अँटिबायोटिकचा कोर्स झाला, तेवढ्यापुरता फरक पडला. ब्रश तोंडाजवळ नेला की नखं बाहेर! भूल न देता साफ करून देणारेही भेटले, पण त्यात हिरडीखालची घाण तशीच राहते, त्यामुळे तो पर्याय नको.

घराजवळच्या क्लिनिकमध्ये गॅसची भूल आणि सलाइनची सोय आहे. दातांचा एक्सरे आणि रात्री ठेवून घ्यायची सोय नाही. या दोन्ही सोयी असलेलं हॉस्पिटल चार तासांवर आहे, आणि ही गाडीत सतत उलट्या करते.

किडनीच्या मांजरीचं असं ऑपरेशन केलेल्यांनी सांगा: भुलीत बीपी मोजणं आणि नंतरचं वेदनाशामक याबद्दल नेमकं काय विचारून घेतलंत? आणि एक्सरे नसताना दात काढू द्यावेत का?