प्रश्न नुसता खेकडे संपण्याचा नाही

एकाने विचारलंय, "हॉर्सशू क्रॅब (घोड्याच्या नालेसारख्या कवचाचे, खेकड्यासारखे समुद्री जीव) संपलेले नाहीत, मग पकडण्यावर बंदी कशाला?" खरी मेख इथेच आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, डेलावेअरच्या खाडीत मे महिन्यात उतरणाऱ्या रेड नॉट या स्थलांतरी पक्ष्याला या क्रॅबची वाळूत खोल पुरलेली अंडी उकरता येत नाहीत. मागून आलेली क्रॅबची मादी आधीचं घरटं उकरते, लाटा वाळू हलवतात, तेव्हा कुठे अंडी वर येतात. म्हणजे किनाऱ्यावर माद्यांची दाटी हवी. जेमतेम वंश टिकेल एवढ्या माद्यांनी पक्ष्याचं पोट भरत नाही.

याच खाडीवरच्या रीड्स बीचवर मी ती अंडी जवळून पाहिलीत: मोहरीएवढी, हिरवट, ओल्या वाळूला चिकटलेली. त्यांच्यावर दोनेक आठवड्यांत वजन जवळपास दुप्पट करून हा पक्षी आर्क्टिककडे उडतो. त्यातले कित्येक थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या तिएरा देल फुएगोहून आलेले असतात!

हे क्रॅब ईल आणि शंखांसाठी आमिष म्हणून कापले जायचे. खाडीलगतच्या न्यू जर्सी राज्याने २००८ मध्ये पकड पूर्ण थांबवली, ते योग्यच केलं. मादी वयात यायलाच नऊ-दहा वर्षं लागतात, त्यामुळे "इतकी वर्षं झाली, फरक कुठे दिसतो?" ही घाई मला पटत नाही.