स्टेटमेंटमध्ये भेंडी दिसत नाही

घरखर्चाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, सगळं बँकेच्या अ‍ॅपात दिसतं, मग वहीत लिहायचा खटाटोप कशाला. अहो दिसतं, पण काय दिसतं? युपीआय, पुढे बारा आकडी नंबर आणि कुणाचं तरी नाव. आमच्या वाण्याचं खातं त्याच्या मुलाच्या नावावर आहे, तर महिनाभर मी डोकं खाजवत होतो की ह्या माणसाला आपण ४३० रुपये दिले कशाचे. आणि एटीएममधून ५००० काढले की तिथे एकच ओळ, मग त्यातले कामवाल्या मावशींचे किती, भाजीचे किती, इस्त्रीवाल्याचे किती, बसा आठवत.

आमच्या आईचं अजून कॅलेंडरवरच चालतं. दूध आलं नाही की त्या तारखेवर फुली. रोजचं दीड लिटर, ६० रुपये भाव, गेल्या महिन्यात चार खाडे, म्हणजे ३६० रुपये कमी. दूधवाल्याने पूर्ण २७०० लावले होते, आईने कॅलेंडर पुढे केलं, गप २३४० घेऊन गेला. हे कुठलं अ‍ॅप करणार?

पण वहीवाल्यांनीही फार मिरवू नये हां. लाईटबिल, हप्ता, एसआयपी हे आपोआप कापलं जातं ते वहीत लिहायचं हमखास राहतं, आणि विम्याचा वर्षातून एकदा येणारा प्रीमियम तर आम्ही दोन वर्षं धरलाच नव्हता. म्हणून आता मी रोख तेवढं वहीत लिहितो, आणि रविवारी चहा घेताना स्टेटमेंट उघडून नावांपुढे पेन्सिलीने ‘वाणी’, ‘पेट्रोल’ असं टिपतो. दहाएक मिनिटं लागतात, बायको हसते ते वेगळं.