पीक जास्त, पैसे कमी: असं कसं?

प्राणिशास्त्रवाली
मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. अर्थशास्त्र फक्त ऐच्छिक पेपर म्हणून घेतलंय. मागणीची लवचीकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, शिकवली, सूत्र पाठ झालं, पण घरचं कोडं सुटेना. इंदूरजवळ सांवेरकडे आमची थोडी जमीन आहे. यंदा लसूण गेल्या वर्षीपेक्षा जास्त पिकला, बाबांनी चोइथराम मंडीत नेला, आणि हाती पैसे कमी आले. आई म्हणते, व्यापाऱ्यानं फसवलं. तसंच असेल का?

रामबागेतली मावशी
बाळा, कुणी न फसवताही असं होतं. वही काढ. समज, गेल्या वर्षी सगळ्यांचा मिळून माल १०० क्विंटल, भाव १०,००० रुपये. झाले १० लाख. यंदा माल १२० क्विंटल आणि भाव ७,०००. झाले ८ लाख ४० हजार. माल २० टक्के वाढला, भाव ३० टक्के पडला.

एवढा का पडतो, ते स्वयंपाकघरात बघ. लसूण स्वस्त झाला म्हणून वरणाच्या फोडणीत चाराच्या आठ पाकळ्या कोण घालतं? फार तर चटणी जरा जास्त होईल. म्हणून जादा माल खपायला भाव खूपच उतरावा लागतो. हीच तुझी अलवचीक मागणी. इंग्लंडात चार्ल्स डेव्हनंट नावाच्या अर्थतज्ज्ञानं १६९९ सालीच असा हिशोब छापला होता, तो आकडेवारी मांडणाऱ्या ग्रेगरी किंगचा मानतात: धान्य एक दशांश कमी पिकलं तर भाव तीन दशांश चढतो. तुमच्याकडे तेच उलट बाजूनं झालं.

जुनी इंदूर
मग सगळ्यांनी मिळून कमीच लावावा की!

रामबागेतली मावशी
दादा, ते टिकत नाही हो. एकट्याच्या दोन बिघ्यांनी मंडीचा भाव हलत नाही. शेजाऱ्यानं कमी लावला आणि आपण पुरता लावला, तर फायदा आपला. शेजारीही हेच म्हणतो.

प्राणिशास्त्रवाली
मावशी, बाबांना वही दाखवली. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, गेल्या वर्षीचा चढा भाव बघूनच तर बिघाभर जास्त लावला होता, आसपासच्या सगळ्यांनीच. आता पुढच्या वर्षी कमी लावू म्हणतात.

रामबागेतली मावशी
आणि सगळ्यांनी कमी लावला की भाव पुन्हा चढणार. भाव आणि लागवड आलेखावर मांडलीस तर कोळिष्टकासारखी रेघ फिरते, म्हणून अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोरनं १९३४ साली त्याला तेच नाव दिलं. बाबांकडे मंडीच्या जुन्या पावत्या असतील तर वर्षवार लावून ठेव. आपण दोघी मिळून काढू.