दम लागतो म्हणजे स्टॅमिनाच कमी, असं नाही

कित्येक महिने पळूनही श्वासासाठी लगेच तोंड उघडावं लागतं असं तुम्ही लिहिलंय, आणि त्यावर ‘सराव वाढवा’ एवढाच सल्ला मिळालाय. मला तो पटत नाही. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून नाक तपासून घ्या. दोन नाकपुड्यांमधला पडदा थोडाफार वाकडा पुष्कळांचा असतो, त्याचा त्रास होतोच असं नाही. पण एकच नाकपुडी कायम बंद राहत असेल तर दुर्लक्ष करू नका. निरोगी नाकातही नाकपुड्या काही तासांनी आळीपाळीने चोंदतात, म्हणून हे नेहमीचंच वाटतं आणि निदान वर्षानुवर्षं राहून जातं. माझंही तसंच झालं.

जोरात पळताना बहुतेक सगळेच तोंडानेही श्वास घेतात. माझ्या मते बंद नाकाचा खरा फटका झोपेला बसतो: घोरणं, सकाळी घसा कोरडा, अंग जड. झोपच नीट नाही तर व्यायामानंतर शरीर सावरणार कधी?

चोंदलेलं नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र सलग काही दिवसांपलीकडे वापरू नका, नाक उलट जास्त चोंदतं. अ‍ॅलर्जी असेल तर आधी तिचे उपचार, पडद्याच्या ऑपरेशनचा विचार नंतर. दमा आणि हिमोग्लोबिनही याच फेरीत तपासून घ्या.